गिरवण्यापासून घडवण्यापर्यंत : प्राथमिक शाळेतील चिमुकल्या हातांची कहाणी

मराठी भाषेत 'वळण' हा शब्द दोन अर्थांनी सारख्याच सहजतेने वापरला जातो. मुलाचे अक्षर सुबक असले की त्याच्या अक्षराला वळण आहे असे आपण म्हणतो. आणि मूल शहाण्यासारखे वागू लागले की आईवडिलांनी त्याला चांगले वळण लावले असेही म्हणतो. हात आणि मन यांचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे, हेच यावरून दिसते. मात्र या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. वळण हे नेहमी बाहेरून लावायचे असते. मुलाच्या हातालाही स्वतःचे काही सांगायचे असेल, ही गोष्ट आपल्या शाळांनी फार उशिरा मान्य केली आणि मान्य केल्यानंतरही ती पुन्हा पुन्हा विसरून टाकली. चित्रे, मातीकाम, कातरकाम, घडीकाम, ठसेकाम या गोष्टी प्राथमिक वर्गात कशा आल्या, त्या कुणी आणल्या आणि आज त्यांचे काय झाले आहे, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

हा मागोवा नौपाड्यात उभे राहून घेण्यास कारण आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्या आजूबाजूला पसरलेली ही वस्ती मराठी मध्यमवर्गाची आणि म्हणूनच शाळांचीही वस्ती आहे. सकाळी येथील गल्ल्यांतून दप्तरांची रांग वाहत असते. येथून लोकलने तासाभरात मुंबईची ती कलाशाळा गाठता येते, जिच्या पद्धतीची छाप महाराष्ट्रातील चित्रकलेच्या तासावर शतकाहून अधिक काळ राहिली. उलट दिशेला, उत्तरेकडे गेले तर डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होईपर्यंत ही टेकडी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. एका टोकाला कित्ता गिरवणारा हात आणि दुसऱ्या टोकाला मुक्तपणे घडवणारा हात, अशा दोन परंपरांच्या मधोमध नौपाड्यातील मूल आज बाकावर बसले आहे.

धूळपाटी आणि कलाशाळा

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे काढीत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजींनी अक्षर घालून द्यायचे आणि मुलाने त्यावरून बोट किंवा काडी फिरवीत राहायचे. हात बसला की मग बोरू आणि कागद. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार याच शिक्षणपद्धतीने आपल्याला दिला. या शाळेत चित्राला जागा नव्हती. मूल चित्र काढीत असे ते घरी आणि अंगणात. दारापुढची रांगोळी, नागपंचमीचे नाग, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीतला किल्ला ही त्याची कलाशाळा होती. शाळेच्या उंबऱ्याशी आल्यावर मात्र हे सारे बाहेर ठेवून आत जावे लागे.

इंग्रज सरकारने चित्रकलेच्या शिक्षणाकडे लक्ष दिले ते मुलांसाठी नव्हे, कारागिरीच्या सुधारणेसाठी. १८५१ साली लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. हिंदुस्थानच्या कारागिरांची कामे तेथे वाखाणली गेली आणि असे कारागीर शास्त्रशुद्ध रीतीने तयार करावेत असा विचार सुरू झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तेथे शिकवण्यासाठी आले. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील दगडी शिल्पपट्ट आपण बाजारहाटाच्या गडबडीत डोके वर करून पाहत नाही. त्यांची कल्पना किपलिंग यांची आहे.

या कलाशाळेची शिकवण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथून आली होती. आधी सरळ रेघ, मग वक्र रेघ, मग भूमितीच्या आकृती, मग छापील नमुन्यावरून नक्कल आणि शेवटी प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास. प्रत्येक पायरीवर समोर नमुना असे आणि विद्यार्थ्याचे यश त्या नमुन्याशी किती जुळले यावर मोजले जाई. कारागीर घडवण्यासाठी ही रीत उपयोगाची होती. पुढे हीच रीत परीक्षांच्या वाटेने गावोगावच्या शाळांत पोहोचली.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही एखाद्या जुन्या फायलीत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले असेल. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन असे या परीक्षांचे विषय. १९६५ साली महाराष्ट्रात कला संचालनालय स्थापन झाले आणि या परीक्षांची व्यवस्था त्याच्याकडे आली. या परीक्षांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांच्यामुळे शाळाशाळांत चित्रकलेचे मास्तर नेमले गेले. खेड्यातील अनेक मुलांना आपल्या बोटांत काही आहे याची पहिली साक्ष याच प्रमाणपत्राने दिली आणि त्या बळावर त्यांनी मुंबईची वाट धरली. साइनबोर्ड रंगवणारे, कापड गिरण्यांसाठी नक्षी काढणारे, छापखान्यात काम करणारे, शाळांत शिकवणारे असे कितीतरी हात या शिडीवरून वर चढले.

पण ही शिडी माध्यमिक शाळेत सुरू होते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तिच्यात एकही पायरी नव्हती. प्राथमिक वर्गात तिची सावली तेवढी पडली. गुरुजी फळ्यावर आंबा काढीत, मुले पाटीवर आंबा काढीत. पुढच्या आठवड्यात पतंग, त्याच्या पुढच्या आठवड्यात मडके. चाळीस पाट्यांवर चाळीस आंबे, आणि ज्याचा आंबा गुरुजींच्या आंब्यासारखा तो हुशार. एखाद्या मुलाने आंब्याच्या शेजारी तो पाडणारा मुलगा आणि काठी घेऊन धावणारा राखणदार काढला, तर ते पुसून टाकण्याचीच आज्ञा होई. वास्तविक त्या मुलाने आंब्याविषयी त्याला जे ठाऊक होते ते सांगितले होते.

व्हिएन्ना, रोम, भावनगर

मुलाचे चित्र म्हणजे मोठ्या माणसाच्या चित्राची कच्ची प्रत नव्हे, त्याला स्वतःची भाषा आहे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागला. व्हिएन्ना येथे फ्रान्झ सिझेक या कलाशिक्षकाने १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग उघडला. तेथे नमुना देण्याची प्रथा नव्हती. मुलांना साहित्य मिळे आणि मोकळीक मिळे. पहिल्या महायुद्धानंतर या वर्गातील मुलांच्या कामांची प्रदर्शने इंग्लंडमध्ये भरली तेव्हा शिक्षणाच्या जगात खळबळ उडाली. पुढे हर्बर्ट रीड यांनी १९४३ साली कलेद्वारे शिक्षण या विषयावर आपला ग्रंथ लिहिला आणि या विचाराला तात्त्विक बैठक दिली.

दुसरी वाट रोमहून आली. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. श्रद्धेने कॅथलिक असलेल्या या विदुषीने मुलाला चित्र कसे काढावे हे थेट शिकवण्याचे टाळले. हाताची पूर्वतयारी करावी, डोळ्याला रंगांच्या छटा ओळखू द्याव्यात, बोटांना आकार चाचपू द्यावेत. एवढे झाले की चित्र मुलाकडून आपोआप येते असे त्यांचे मत होते. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली. परंतु त्यांचा विचार त्यांच्याआधी भारतात पोहोचला होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते आणि तेथेच एका मराठी स्त्रीने या कामाची दीक्षा घेतली. तिचे नाव ताराबाई मोडक.

बोर्डीचा किनारा, कोसबाडची टेकडी

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या त्या काळात त्या पदवीधर झाल्या. भावनगरला गिजुभाईंच्या सोबतीने त्यांनी काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाई 'शिक्षणपत्रिके'च्या मराठी आवृत्तीतून हा विचार महाराष्ट्रातील आईबापांपर्यंत पोहोचवू लागल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शहरातील सुशिक्षित घरांतील मुले तेथे येत. खेळ, गाणी, रंग, माती, बागकाम यांनी त्यांचे दिवस भरून जात. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते.

परंतु हे शिक्षण महाग होते. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने सुबक, पॉलिश केलेली, मापात बसवलेली. ती विकत घेणे खेड्यातील शाळेला शक्य नव्हते. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यात राहतात त्या देशात बालशिक्षण शहरी चैन होऊन बसेल, ही टोचणी ताराबाईंना लागली होती. १९४५ साली त्या दादर सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. लहानपणी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य, नंतर जिद्दीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी असा प्रवास करून आलेल्या अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. मुले शाळेत येत नव्हती. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड, मोठ्या भावाच्या मागे गुरे. शाळेला येणार कोण? तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. वस्तीतील कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. या अंगणातल्या बालवाडीला अंगणवाडी हे नाव मिळाले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

साधनांचा प्रश्न राहिला होता. तो बोर्डीच्या निसर्गाने सोडवला. समुद्रकिनाऱ्यावर शंख-शिंपले मिळत. झाडांखाली बिया, शेंगा, पाने, पिसे पडलेली असत. माती हवी तेवढी. मोजायला चिंचोके, ओवायला बिया, मांडायला शिंपले, रंगाला गेरू आणि चुना. महागडी साधने नसल्यामुळे मुलांचे काही अडले नाही; उलट प्रत्येक वस्तू त्यांच्या ओळखीची होती, ती त्यांनी स्वतः वेचून आणलेली होती. शिंपल्यांचा मोर करायचा असेल तर आधी कोणता शिंपला पिसाऱ्याला चालेल आणि कोणता चोचीला, हे मुलाला स्वतःच ठरवावे लागे. निवड करणे, मांडून पाहणे, मोडणे, पुन्हा मांडणे यातच शिक्षण होते. पुसायला पाटी नव्हती आणि जुळवून पाहायला नमुनाही नव्हता.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आणि इतर आदिवासी मुलांत स्थिरावले. गुरे राखणारी मुले वर्गात येईनात म्हणून कुरणातच शाळा भरवली गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण किताब मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी टेकडी सोडली नाही. १९९२ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला तोवर त्या याच कामात होत्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन पूर्वीच्या पिढीतील शिक्षिकांनी आवडीने वाचले आहे.

सेवाग्रामची शाळा

याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वर्ध्याजवळ, हाताने शिकण्याचा आणखी एक प्रयोग चालला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारे व्हावे, हा तिचा गाभा. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतून गणित, इतिहास, भूगोल शिकायचे. ही कल्पना थोर होती, पण तिच्यात एक धोका होता. उत्पादनाच्या हिशेबात मुलाची कल्पकता गुदमरण्याची भीती होती. १९४४ साली शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांचे शिष्य देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. तेथे जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी मुलांना चित्रे काढू दिली, माती घडवू दिली आणि मुलांच्या चित्रांकडे आदराने पाहिले. कला हा शिक्षणातील एक विषय नसून शिक्षणाचा पायाच आहे, असे त्यांनी आपल्या पुस्तकातून मांडले. तकली फिरवणाऱ्या हाताला कुंचलाही हवा, हे सेवाग्रामने त्यांच्याकडून शिकले.

बोर्डी आणि सेवाग्राम यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी पैसा थोडा होता, बाजार दूर होता आणि शिक्षकाचा मुलावर विश्वास मोठा होता.

विषय आला, शिक्षक आला नाही

स्वातंत्र्यानंतर या विचारांना सरकारी मान्यता मिळाली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य ही संज्ञा पुढे आणली. प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात कला आणि कार्यानुभव यांच्या तासिका आल्या. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावे असे बजावले. बालभारतीनेही कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांच्यासाठी 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक मुलांच्या हाती दिले.

मात्र पुस्तक आले तरी शिकवणारा माणूस आला नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९च्या कायद्याची अनुसूची काळजीपूर्वक वाचावी. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद तेथे आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी अशी तरतूदच नाही. ज्या वयात मुलाच्या हातातून चित्र सर्वांत मोकळेपणाने वाहते, त्याच वयात हा विषय वर्गशिक्षिकेच्या अंगावर आणखी एक ओझे म्हणून येतो. तिला गणित संपवायचे आहे, भाषेच्या वह्या तपासायच्या आहेत, सरकारी माहितीचे तक्ते भरायचे आहेत. मग चित्रकलेचा तास मागे राहिलेल्या गणिताला दान होतो. तिला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

बाजार मात्र वेळेवर आला. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईच्या व्यवसायातून सुरू केलेल्या कॅम्लिन कंपनीने पुढे मराठी घराघरांत रंगपेट्या पोहोचवल्या. ही मराठी उद्योजकतेची अभिमानास्पद कथा आहे. १९४९ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी दिल्लीत मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली आणि ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली. अशा स्पर्धांनी मुलांच्या चित्रांना प्रतिष्ठा दिली. पुढे गावोगाव स्पर्धांचे पीक आले, बक्षीस मिळवणारे चित्र कसे असते हे मोठ्यांच्या ध्यानात आले आणि मुलांना ते तसे शिकवले जाऊ लागले. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, एका बाजूला झोपडी आणि एक नारळाचे झाड. हे चित्र कोणत्याही शाळेत हमखास सापडेल. ठाण्याच्या मुलाला येऊरचा डोंगर दिसतो, खाडीपलीकडे पारसिकची लांबट टेकडी दिसते. दोन्हींपैकी एकही त्रिकोणी नाही. तरी त्याच्या कागदावर डोंगर त्रिकोणीच येतो. आंब्याचा कित्ता गेला, त्याच्या जागी डोंगराचा आला.

शाळेबाहेरची कार्यशाळा

शाळेत जे हरवले ते अंगणात काही प्रमाणात टिकून राहिले. नौपाड्यातील जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या जागी आता उंच इमारती आहेत. तरीही दिवाळीत एखाद्या सोसायटीच्या कोपऱ्यात मुले किल्ला बांधताना दिसतात. दगड-विटा रचायच्या, त्यावर पोती टाकून मातीचा लेप द्यायचा, बुरूज काढायचे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची. तेथे कोणी मार्गदर्शक पुस्तिका उघडून बसत नाही. तटबंदी ढासळली तर का ढासळली याची चर्चा मुलेच करतात.

आपल्या घरांतून आणि धर्मग्रामांतून ख्रिस्तजन्माचा गोठा तयार होतो तो याच किल्ल्याचा भाऊ म्हणावा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिला देखावा मांडला तो जिवंत बैल, गाढव आणि गवत यांचा, म्हणजे त्या गावात जे होते त्याचाच. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात नाचणी पेरून गोठ्यापुढे हिरवे शेत उगवण्याची रीत आहे. दिवाळीत ज्या बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील होतो, त्याच कामट्यांचा आणि कागदाचा महिनाभराने तारा होतो. शेजारच्या घरातील मुलाने कंदिलाच्या कामट्या बांधायला मदत करावी आणि त्याची परतफेड ताऱ्याच्या वेळी व्हावी, असा देवघेवीचा व्यवहार आपल्या वस्त्यांत पूर्वापार चालत आला आहे.

पण येथेही कित्ता शिरतो. बेथलेहेमचे चित्र काढ म्हटले की आपले मूल बर्फ आणि सूचिपर्णी झाडे काढते, कारण छापील भेटकार्डांवर त्याने तेच पाहिलेले असते. या संदर्भात अँजेलो दा फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराचे स्मरण होते. १९०२ साली जन्मलेल्या फोन्सेकांनी मुंबईच्या कलाशाळेत प्रवेश घेतला, पण तेथे त्यांचे मन रमले नाही. ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी पवित्र मरियेला साडीत रंगवले, येशूजन्म आपल्या मातीत आणला. त्या काळी अनेक भाविकांना ते रुचले नाही. १९६७ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांची बरीच चित्रे गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवलेली आहेत. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले रंगवण्यासाठी प्रौढ कलावंतालाही एवढे धैर्य लागते. मुलाजवळ ते उपजतच असते. आपण ते काढून घेतले नाही म्हणजे झाले.

दुसरे स्मरण जिव्या सोमा म्हसे यांचे. १९३४ साली जन्मलेल्या या वारली मुलाची आई लहानपणीच गेली आणि त्याचे बोलणे बंद झाले, तो मातीत बोटाने चित्रे काढूनच मनातले सांगू लागला, असे सांगितले जाते. वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. जिव्यांनी ते आपले केले, रोजचे जगणे त्यात आणले, आणि डहाणू तालुक्यातील पाड्यावरची ही कला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. आज शाळाशाळांतून 'वारली चित्र काढा' असा गृहपाठ दिला जातो. मुले तारपा वाजवणारा आणि त्याभोवतीचा फेर नमुन्यावरून उतरवून काढतात. ज्याने मातीत बोटाने स्वतःचे दुःख रेखाटले, त्याच्याच चित्रांचा आपण पुन्हा कित्ता केला. वारली माणसाने आपला पाडा काढला. नौपाड्यातील मुलाने त्याच रेघांनी आपला रेल्वेचा पूल, भाजीबाजार, रिक्षांची रांग काढली तर ते त्या परंपरेला अधिक साजेसे होईल.

आजचा प्रकल्प कुणाचा?

आता आपल्या घराकडे वळू. प्राथमिक वर्गाला 'प्रकल्प' दिला जातो. पाणी वाचवा, आपले मदतनीस, वाहतुकीची साधने. उद्या सकाळी द्यायचा असतो आणि आज रात्री आठवतो. गोखले रोडसारख्या बाजारपेठेत तयार चित्रांचे तक्ते, थर्माकोलची कापलेली अक्षरे, चकाकते कागद सारे मिळते. साडेनऊला मूल झोपते आणि आई कात्री घेऊन बसते. बाबा कामावरून येऊन थर्माकोलला उष्ण तार लावतात. सकाळी मूल ते अवजड काम सांभाळत शाळेत जाते आणि बाईंनी विचारले की मान खाली घालते, कारण ते आपले नाही हे त्याला ठाऊक असते. ज्या मुलाने स्वतः चिकटवून, डिंकाचे डाग पाडून, वाकडे कापून काम आणले, त्याचे काम भिंतीवर लागत नाही. येथे चित्रकलेपेक्षा मोठ्या गोष्टीला धक्का पोहोचतो. दुसऱ्याचे काम आपले म्हणून देण्याचा हा पहिला पाठ आपणच, प्रेमापोटी, मुलाला देत असतो.

आईबापांचा हेतू वाईट नसतो. मुलाचे कौतुक व्हावे, त्याला वर्गात लाज वाटू नये एवढेच त्यांना हवे असते. शाळेलाही दोष देण्यात अर्थ नाही. पन्नास मुलांच्या वर्गात मातीकाम काढायचे तर पाणी, जागा आणि फडकी कोण पुरवणार? पण इतिहास असे सांगतो की ज्यांच्याकडे याहून कमी होते त्यांनी हे करून दाखवले. बोर्डीला थर्माकोल नव्हता, रंगपेटी नव्हती. मुलाने वेचून आणलेली वस्तू होती आणि तिचे काय करायचे ते ठरवण्याचा त्याचा हक्क होता.

तो हक्क परत देण्यासाठी फार खर्च लागत नाही. शाळांनी प्रकल्प घरी न देता वर्गात, एका तासात पुरा होईल असा द्यावा. भेंडीचे किंवा बटाट्याचे ठसे, जुन्या वर्तमानपत्राचे घडीकाम, वाळलेल्या पानांचे चिकटचित्र एवढ्याला दोन-चार रुपयांच्या वर साहित्य लागत नाही. शिक्षक-पालक सभेत आपण गुणांइतकाच चित्रकलेच्या तासाविषयी प्रश्न विचारावा. तो तास गणिताला का गेला, हे विचारणारा पालक असला की शिक्षिकेलाही बळ येते. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा नाताळच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलेल्यांनी सर्वांत देखण्या गोठ्यापेक्षा मुलांनी स्वतः केलेला गोठा शोधून काढावा. तो ओळखणे अवघड नसते. त्यातील मेंढी बैलापेक्षा मोठी असते, मरियेच्या साडीला घरातल्या ओढणीची किनार असते आणि गोठ्याच्या दाराशी, कुणी न सांगताच, एक मांजर येऊन बसलेले असते.